वठलेलं झाड उभं राहू द्या

मागच्या महिन्यात जंगलात एक आडवा पडलेला ओंडका बघितला. चांगला कुजलेला, बोट लावलं की तपकिरी भुगा हाताला यायचा. सालीचा एक पापुद्रा हलकेच उचलला तर खाली भुंगेऱ्याची अंगठ्याएवढी पांढरी अळी! अर्धगोल वळलेली, डोकं तेवढं तांबूस, आणि कातडी इतकी पातळ की पोटातला काळसर भुगा बाहेरून दिसत होता. साल होती तशी परत बसवली आणि निघाले.

पंधरा दिवसांनी गेले तर ओंडका नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, 'साफसफाई' झाली. पडलेलं, वाळलेलं सगळं उचलून नेलं. ज्यांनी नेलं त्यांना आपण चांगलंच काम केलं असं मनापासून वाटत होतं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या अळीची चुटपुट अजून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

भुंगेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उडणारा, चकचकीत पाठीचा किडा येतो. पण लाकडावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांचं बहुतेक आयुष्य अळी म्हणूनच जातं. युरोपातला स्टॅग बीटल घ्या, तो हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेला. त्याची अळी जमिनीखालच्या कुजक्या लाकडात 3 ते 7 वर्षं काढते. बाहेर आलेला भुंगेरा मात्र उन्हाळ्यातले काही आठवडेच जगतो. म्हणजे एक कुजका बुंधा उपटला की एका वर्षाचे नाही, येत्या कित्येक उन्हाळ्यांचे भुंगेरे एकदमच गेले.

आणि कुजकं लाकूड म्हणजे सगळं एकच, असंही नाही. नुकत्याच मेलेल्या झाडाच्या सालीखाली एक मंडळी, बुरशीने मऊ केलेल्या लाकडात दुसरी, जुन्या झाडाच्या ढोलीत साचलेल्या भुग्यात तिसरीच. उन्हातलं वठलेलं खोड वेगळं, सावलीतला ओला ओंडका वेगळा. म्हणून 'दोन-चार ओंडके ठेवलेत की एका कोपऱ्यात' हे उत्तर मला पटत नाही.

ढोलीतल्या हर्मिट बीटलचंच बघा. याच्या नराला पिकलेल्या पीचसारखा वास येतो, त्या वासानेच तो मादीला बोलावतो. स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं की जन्मलं ते झाड सोडून जाणारे जेमतेम 15 टक्के. बाकीचे त्याच ढोलीत जन्मतात, तिथेच मरतात. जे उडतात तेही बरेचदा काहीशे मीटरच जातात. तेवढ्यात दुसरी ढोली नसेल तर संपलं. ओकच्या झाडाला अशी मोठी ढोली व्हायला शेकडो वर्षं लागू शकतात. रोप लावून ती भरपाई कशी होणार? स्वीडनमध्ये भुसा आणि पाला भरलेल्या लाकडी पेट्या झाडांवर लावून बघितल्या, त्यात ढोलीतले बरेच भुंगेरे आलेही. पण तो तात्पुरता आधार. खरा इलाज म्हणजे आजची म्हातारी झाडं राखायची आणि उद्या म्हातारी होतील अशी त्यांच्या शेजारी वाढू द्यायची.

रोझालिया नावाच्या निळसर राखाडी, लांब मिशांच्या भुंगेऱ्याचं तर मला फार वाईट वाटतं. मादीला अंडी घालायला बीच नावाच्या झाडाचं उन्हात तापलेलं, मेलेलं लाकूड हवं असतं. नेमकं तसंच लाकूड तोडून, रचून ठेवलेलं असतं. ती तिथे अंडी घालते आणि ट्रक येऊन अंड्यांसकट लाकूड घेऊन जातो. उन्हाळ्याच्या आधी थप्प्या हलवल्या किंवा सावलीत ठेवल्या तरी किती जीव वाचतील!

2018 साली युरोपातल्या लाकडावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांच्या 693 जातींची लाल यादी, म्हणजे कोण किती धोक्यात आहे याची नोंद, निघाली. जवळपास 18 टक्के धोक्यात, आणि सुमारे पाव जातींची स्थिती ठरवण्याइतकी माहितीच नाही. जिथे एवढा अभ्यास होतो तिथली ही गत.

'कीड पसरेल' ही भीती मी समजू शकते. स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात साल पोखरणारे काही भुंगेरे जिवंत झाडंही मारतात, खरं आहे. पण अशा जाती मोजक्याच. वर्षानुवर्षं कुजलेल्या ओंडक्यातले भुंगेरे निरोगी झाडाच्या वाटेला जात नाहीत. उलट साल पोखरणाऱ्यांना खाणारे शिकारी भुंगेरेही मेलेल्या झाडांच्या सालीखालीच वाढतात. पायवाटेवर झाड पडण्याचा धोका असेल तर वरचा भाग उतरवा, तीन-चार मीटरचं खोड उभं ठेवा, कापलेलं तिथेच बाजूला टाका.

जिथे तो ओंडका होता तिथून वीसेक पावलांवर एक वठलेलं झाड अजून उभं आहे. खोडावर लंबगोल भोकं आहेत आणि बुंध्याशी ताजा भुगा पडलाय, म्हणजे आत कुणीतरी आहे. तोडणीची खूण अजून केलेली नाही. ते झाड राहू द्या असा अर्ज मी काल फोटोंसकट दिलाय. उत्तर आलं की इथे कळवते.