पेटीतली पत्रकं आणि मामांचा फोन

सांगलीचे मामा दर रविवारी फोन करतात. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "अगं, तुम्ही पन्नास लाख माणसं आहात तिथे. इस्रायलवाल्यांसारखी लॉबी उभी करा की! मग बघू कोण आपल्याला हात लावतं." मामांची कळकळ मला कळते. पण त्या लॉबीचं काम मी माझ्या दारात पाहिलंय.

मी न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, वेस्टचेस्टरमध्ये राहते. जून 2024 मध्ये आमच्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी ठरवणारी निवडणूक झाली. आमचे खासदार जमाल बोमन गाझातल्या युद्धावरून इस्रायलवर उघड टीका करत होते. त्यांना पाडायला 'एपॅक' या इस्रायलसमर्थक संघटनेच्या निवडणूक निधीने सुमारे दीड कोटी डॉलर ओतले. संध्याकाळी कामावरून आले, पोस्टाची पेटी उघडली, की गुळगुळीत कागदाची दोन-तीन पत्रकं हातात यायची. मी ती साठवली आणि एका रात्री जेवणाच्या टेबलावर मांडून वाचली. बोमन यांनी बायडेन यांच्या पायाभूत सुविधांच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं, ते पक्षाला साथ देत नाहीत, असा सगळा मजकूर. माझ्याकडच्या एकाही पत्रकात इस्रायलचं नाव नव्हतं. बोमन हरले.

ते मला फार लागलं. इस्रायलशी मैत्री अमेरिकेच्या हिताची असेल, तर तिच्या नावाने मतं मागा ना.

फायदे आहेतच. 2016 च्या करारानुसार अमेरिका इस्रायलला 10 वर्षांत 38 अब्ज डॉलरची लष्करी मदत देते. त्यातला मोठा भाग इथल्याच शस्त्रकारखान्यांकडे परत येतो, गुप्त माहिती मिळते, क्षेपणास्त्रं अडवणाऱ्या यंत्रणा दोघं मिळून बनवतात. पण पैसा शेवटी इथल्या करदात्यांचा, म्हणजे माझाही. 1957 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी दबाव आणून इस्रायलला इजिप्तच्या सिनाईतून माघार घ्यायला लावली होती. आज तसं ठणकावायला निघालेल्या खासदाराला बोमन यांचं काय झालं ते आठवणारच. मित्राला नाही म्हणायचीच भीती वाटायला लागली, तर त्या मैत्रीत आपला फायदा किती हे मोजणार कोण?

एपॅकला पैसे देणारे लोक अमेरिकेचेच नागरिक आहेत, त्यांचा तो हक्क आहे. तो मीही वापरलाय. 2008 मध्ये भारत-अमेरिका अणुकरारासाठी आम्ही ओळखीतल्या दहा-बारा घरांनी खासदारांच्या कार्यालयात फोन केले होते. करार मंजूर झाला तेव्हा पेढे वाटले. आज वाटतं, आमचे फोन हा नुसता हातभार होता. बुश सरकारला चीनसमोर भारत आपल्या बाजूला हवा होता आणि अणुभट्ट्या बनवणाऱ्या कंपन्यांना कंत्राटं हवी होती. त्या अमेरिकी भट्ट्या आंध्रातल्या कोव्वाडात अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. भारताचा खरा लाभ झाला तो अणुपुरवठादार देशांनी भारताला अणुइंधन विकण्यावरची बंदी उठवल्याचा, कारण मग कझाकस्तान, कॅनडाकडूनही युरेनियम घेता आलं.

मामांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असायला हवं. तारापूरच्या अणुभट्ट्यांचं इंधन अडलं, तेव्हा ते बोईसरला नोकरीला होते. शेजारच्या तारापूरच्या भट्ट्या अमेरिकेनेच बांधल्या, 1969 मध्ये त्या सुरू झाल्या आणि इंधन देण्याचा लेखी करारही होता. 1974 ला पोखरणचा स्फोट झाला, 1978 मध्ये अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि पुढे इंधन अडलं.

परवाच्या रविवारी मी त्यांना पत्रकांचे फोटो पाठवले आणि तारापूरचं विचारलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "शेवटी फ्रान्सने इंधन दिलं गं. तेव्हा फ्रान्सशी बोलणं चालू होतं, म्हणून निभावलं."