मुलगा तसा चांगला आहे

लग्नसराई जवळ आली की आमच्या मजल्यावर मला भाव येतो. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा लग्नाचा आहे आणि मुलीकडची मंडळी परस्पर चौकशीसाठी शेजारी गाठतात. बायोडेटामध्ये पगार, उंची, रास, नक्षत्र, मामेकुळ सगळं छापलेलं असतं. जे छापता येत नाही ते माझ्याकडून हवं असतं. अनोळखी नंबर, पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज, इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी आणि मग प्रश्न येतो, "मुलगा कसा आहे?"

उंची विचारा, डोळ्यांनी मापून सांगतो. गाडी कुठली, सकाळी किती वाजता निघतो, सांगतो. पण "कसा आहे" म्हटलं की माझी जीभ जड होते.

परवा नाशिकहून मुलीचे मामा बोलत होते. मी म्हटलं, "चांगला आहे."

"चांगला म्हणजे?"

आता आली का पंचाईत! या प्रश्नापुढे केंब्रिजचे तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी १९०३ सालीच हात टेकले होते. पिवळ्या रंगाची जशी व्याख्या करता येत नाही तशीच 'चांगलं'चीही नाही, असं त्यांचं म्हणणं. ठीक आहे, पण पिवळा निदान दाखवता तरी येतो. नाशिकच्या मामांना मी फोनवरून काय दाखवू? पुढे १९३६ मध्ये ए. जे. एयर या दुसऱ्या तत्त्वज्ञाने तर विषयच मिटवला. अशी विधानं खरीही नसतात आणि खोटीही नसतात, बोलणारा त्यातून नुसती आपली भावना बाहेर काढतो, असं ते म्हणाले. म्हणजे माझ्या "मुलगा चांगला आहे"चा अर्थ "मुलगा, वाहवा!" एवढाच. शेजाऱ्यासाठी ही फारच सोयीची विचारसरणी आहे. उद्या लग्नानंतर काही भलतं निघालं तरी मला कुणी खोटं ठरवू शकणार नाही. फक्त मामांनी वाहवा ऐकायला फोन केलेला नव्हता.

मला स्वतःला ऑक्सफर्डचे आर. एम. हेअर जवळचे वाटतात. १९५२ मध्ये त्यांनी मांडलं की एखाद्या गोष्टीला चांगलं म्हणणं म्हणजे तिची शिफारस करणं. शिफारस सगळीकडे तीच, निकष मात्र ज्या त्या वस्तूचे वेगळे. इथेच माझं आणि मामांचं जुळेना. माझ्या लेखी हा मुलगा उत्तम, कारण तो दुपारी एक ते चारमध्ये भिंतीला ड्रिल लावत नाही. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर जाळीचं दार ओढतो, खट्ट आवाज होईपर्यंत थांबतो आणि मगच जातो. आमच्या इमारतीत ही गोष्ट किती दुर्मिळ आहे हे पाचव्या मजल्यावर सामान चढवलेल्यालाच कळेल. मी हे सगळं तपशीलवार सांगितलं. मामा म्हणाले, "ते झालं हो. पितो का?"

"नाही हो. तसा चांगला आहे."

हा 'तसा' माझ्या तोंडून सवयीने गेला. आपल्याकडे 'चांगला' म्हटलं तर चांगला, 'तसा चांगला' म्हटलं तर पत्रिका जुळत नाही असं कळवायची वेळ. मामा लगेच सावध झाले. "तसा म्हणजे? काही आहे का?" आता काही नाही हे कसं पटवायचं? जितकं पटवावं तितकं काहीतरी असल्यासारखं वाटतं.

मग त्यांनी मोर्चा खर्चाकडे वळवला. आता हा मुलगा भाजीवाल्याकडून कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय हलत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. याला काय म्हणावं? १९४८ मध्ये बर्ट्रांड रसेल यांनी बीबीसीच्या रेडिओवर एक गंमत सांगितली होती. मी ठाम असतो, तुम्ही हट्टी असता आणि तो अडेलतट्टू मूर्ख असतो. वागणं तिघांचं एकच. आमच्या मजल्यावर तेच मी काटकसरी, तुम्ही चिकट आणि तो कवडीचुंबक असं चालतं. वस्तुस्थिती कढीपत्त्याच्या चार काड्या, बाकी सगळं बोलणाऱ्याच्या मनातलं. मी पहिलं विशेषण काढून मुलाला दिलं. "काटकसरी आहे." मामांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं, "म्हणजे हात आखडता?" मी घाईने म्हटलं, "छे छे, व्यवहारी!" यावर ते नुसतंच "हं" म्हणाले. मुलगा मनमिळाऊ म्हणालो तर त्यांनी मित्र फार आहेत का विचारलं, आणि साधा म्हणालो तर चक्क "बावळट नाही ना?" असं. बरं, एवढं करून आमची ही आतून खुणा करत होती की जास्त बोलू नका.

"शेवटचं विचारतो," मामा म्हणाले. "मुलाच्या आईचा स्वभाव कसा आहे?"

नेमक्या त्याच वेळी मुलाची आई हातात वाटी घेऊन आमच्या दारात उभी होती, विरजण मागायला.

"अत्यंत चांगला!" मी म्हटलं. जरा मोठ्यानेच. "अतिशय प्रेमळ! असा स्वभाव शोधून सापडायचा नाही!"

पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग मामांनी आवाज खाली आणला.

"समोर उभ्या आहेत का?"

"हो ना."

"बरं बरं. रात्री जेवणं झाल्यावर करतो."