पोलंडची संसद जामसाहेबांच्या नावानं शपथ घेत नाही

‘हिटलरच्या हल्ल्यानंतर पोलिश सैनिकांनी ५०० बायका आणि २०० मुलं जहाजात बसवून समुद्रात सोडली. एकाही देशानं थारा दिला नाही. शेवटी जामनगरच्या जामसाहेबांनी आसरा दिला, म्हणून पोलंडची संसद आजही त्यांच्या नावानं शपथ घेते.’ हा मेसेज परवा आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला. मामा राहतात कोल्हापुरात, गांधीनगरच्या जवळ. निदान त्यांनी तरी?

शपथेचं आधी उरकतो. पोलंडच्या १९९७च्या संविधानात, कलम १०४मध्ये, खासदारांची शपथ छापलेली आहे. ज्याला हवं त्यानं शेवटी देवाचं नाव घ्यावं. जामसाहेबांचं, म्हणजे जामनगरच्या महाराजांचं, नाही.

जहाजाची गोष्ट मात्र नुसती चुकीची नाही, तिनं खरा गुन्हेगारच गायब केलाय. ही माणसं हिटलरपासून पळालेली नव्हतीच. १७ सप्टेंबर १९३९ला रशियानं पूर्वेकडून पोलंडवर चढाई केली आणि पुढच्या दोन वर्षांत स्टालिनच्या पोलिसांनी लाखो लोक मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानात नेले. जून १९४१मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला दोस्त आठवले. लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान सिकोर्स्की यांनी ३० जुलैला सोव्हिएत राजदूत मायस्कींसोबत करारावर सही केली. त्याच्या पुरवणीत पोलिश कैद्यांना चक्क ‘माफी’ दिलीय. घरातून उचलून नेलेल्या पोरांचा गुन्हा काय होता म्हणे? सरहद्दीचा प्रश्न लोंबकळत ठेवला म्हणून सिकोर्स्कींच्या तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले. पण या कागदाशिवाय कुणी सुटलंच नसतं.

‘एकाही देशानं’ म्हणाल, तर १९४२मध्ये इराणात या सुटलेल्यांपैकी लाखाहून जास्त पोलिश सैनिक आणि नागरिक पोचले होते. जामनगरजवळच्या बालाचडी छावणीतली पहिली मुलंही अश्गाबादहून ट्रकांनी, इराणमार्गे, खुश्कीच्या वाटेनं आली.

जामसाहेबांनी बालाचडीत छावणीला जागा दिली, मुलांना जीव लावला, हे खरं. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे. कबूल. पण त्याहून कितीतरी मोठी, सुमारे ५,००० लोकांची छावणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती, १९४३ ते १९४८. सुरुवातीला खर्च लंडनचं पोलिश सरकार करायचं. मेसेजमध्ये ना वळिवडे, ना ते सरकार.

जुलै १९४५मध्ये ब्रिटन-अमेरिकेनं या सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालच्या सरकारला दिली. वळिवड्यातल्या बहुतेकांना परत जायला गावच उरलं नव्हतं. ते आता सोव्हिएत हद्दीत होतं. छावणी उठल्यावर तिथं फाळणीतले सिंधी निर्वासित वसले. तेच आजचं गांधीनगर.