जॅझच्या जुन्या तबकड्या ‘नवं सोनं’ नाहीत

‘जॅझच्या जुन्या रेकॉर्ड म्हणजे नवं सोनं’ असा मजकूर गेली काही वर्षं या ना त्या रूपात फिरतो आहे. सोबत ब्लू नोट या जॅझच्या तबकड्या काढणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या निळ्या-पांढऱ्या लेबलाचा फोटो आणि खाली डॉलरमधला मोठा आकडा. म्हणणं थोडक्यात असं: या तबकड्यांचे भाव वाढतच जातात, कधी उतरत नाहीत, घरात आजोबांच्या काळातल्या एलपी असतील तर त्या लाखमोलाच्या आहेत, पहिल्या प्रेसिंगसारखा, म्हणजे अल्बमच्या पहिल्या छपाईच्या तबकडीसारखा, आवाज नंतर कुणालाच जमला नाही, म्हणून लोक एवढे पैसे मोजतात, आणि या निमित्ताने उपेक्षित राहिलेल्या कलावंतांना अखेर त्यांचं मोल मिळतं आहे.

काही तबकड्यांचे भाव खरोखर प्रचंड वाढले आहेत, हे आधीच मान्य करतो. पण त्या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावर बाकीचं सगळं खपवलं जातं. त्यातून दोन नुकसानं होतात. ज्यांना या संगीतात रस नाही ते गुंतवणूक म्हणून फसतात, आणि ज्यांना ते नव्याने ऐकायचं आहे ते ‘हे आपल्या आवाक्यातलं नाही’ असं समजून मागे फिरतात. दुसऱ्या नुकसानाचं मला जास्त वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘जुन्या जॅझ रेकॉर्डला लाखो रुपये मिळतात.’ कुठल्या रेकॉर्डला? या व्यवहारातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण ब्लू नोटच्या १५६८ क्रमांकाच्या एलपीचं. टेनर सॅक्सोफोनवादक हँक मोब्ली यांचं हे ध्वनिमुद्रण जून १९५७ मध्ये न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे झालं. रूडी व्हॅन गेल्डर यांनी आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यातच स्टुडिओ थाटला होता, तिथे. पियानोवर सनी क्लार्क, बासवर पॉल चेंबर्स. स्वच्छ अवस्थेतल्या मूळ प्रतीला दहा हजार डॉलरच्या वर बोली लागलेली आहे. मजकुरात फिरतो तो आकडा बहुधा याच तबकडीचा किंवा तिच्या दोन-चार भावंडांचा असतो.

आता ही ‘मूळ प्रत’ ठरते कशी ते पाहा. लेबलावरचा कंपनीचा पत्ता बघतात: लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू, की ४७ वेस्ट ६३ वा रस्ता, त्यातही पत्त्याच्या शेवटी नुसतं ‘एनवायसी’ आहे, की ‘न्यूयॉर्क २३’. १५६८ च्या वेळी कंपनी लेबलं बदलत होती, त्यामुळे जाणकार एका बाजूला ‘एनवायसी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘न्यूयॉर्क २३’ अशी प्रत शोधतात. मग लेबलाच्या वर्तुळात साच्यामुळे उमटलेली खोल खाच. मग गाणं संपल्यानंतरच्या कोऱ्या पट्टीत व्हॅन गेल्डर यांची ‘आरव्हीजी’ ही अक्षरं. आणि त्याच पट्टीत प्लास्टीलाइट या कारखान्याची खूण. ते वळणदार ‘पी’ आहे, पण कानासारखं दिसतं, म्हणून संग्राहक त्याला ‘कान’च म्हणतात. लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतल्यावर, १९६६ च्या सुमारास प्लास्टीलाइटचं काम थांबलं, पण उरलेली जुनी लेबलं नंतरही वापरली गेली. म्हणजे लेबल जुनं, कव्हर जुनं, कान नाही, अशा प्रती भरपूर आहेत, आणि त्यांचा भाव मूळ प्रतीच्या जवळपासही नसतो. फोटोवरून हा फरक कळत नाही. मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा तो माहीतही नसतो.

म्हणजे भाव चढला आहे तो ठरावीक वर्षांच्या, ठरावीक कारखान्यातून निघालेल्या, थोड्या संख्येने उरलेल्या प्रतींचा. ‘जुना जॅझ’ या सबंध ढिगाचा नाही. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ एकट्या अमेरिकेत पन्नास लाखांच्या वर गेली आहे. तिची सत्तर-ऐंशीच्या दशकातली प्रत कुठल्याही मोठ्या शहरात मिळते. शिवाय या मजकुरांत कधी कधी भलतेच आकडे मिसळलेले असतात. २०१५ मध्ये एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या एकमेव तबकडीला तीन लाख डॉलर मिळाले, आणि त्याच वर्षी बीटल्सच्या रिंगो स्टारकडची ‘व्हाइट अल्बम’ची पहिल्या क्रमांकाची प्रत सात लाख नव्वद हजार डॉलरला गेली. दोन्हींचा जॅझशी काही संबंध नाही.

‘आजोबांच्या एलपी जपून ठेवा, त्या लाखाच्या आहेत.’ जपून जरूर ठेवा, पण लाखांसाठी नको. आपल्याकडच्या घरांत असतात त्या तबकड्या बहुतेक डमडमच्या कारखान्यात निघालेल्या: नाट्यगीतं, भावगीतं, अभंग, चित्रपटसंगीत, शास्त्रीय. त्यांचा संग्रहाचा बाजार वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. त्यात एखादी जॅझची एलपी निघालीच तर प्रश्न येतो तिच्या अवस्थेचा. अमेरिकेतल्या ‘गोल्डमाइन’ या संग्राहकांच्या नियतकालिकाची प्रतवारी जगभर मानली जाते. तिच्या हिशोबाने जवळपास कोऱ्या प्रतीला शंभर मिळत असतील, तर एक पायरी खालच्या प्रतीला साधारण पन्नास आणि त्याच्या खालच्या प्रतीला पंचवीस. आपल्याकडे या तबकड्या फिएस्टासारख्या उचलून नेता येणाऱ्या प्लेअरवर नाहीतर रेडिओग्रामवर वाजल्या. जड हाताची, झिजलेली सुई खाचा कोरून काढते. मग लेबल कितीही जुनं असलं तरी आवाजात खरखर येते. त्यावर कोकणातले आणि मुंबईतले पावसाळे. बुरशीने कव्हरवर तपकिरी डाग पडतात, पुठ्ठा सुटतो. लिलावातला खरेदीदार कव्हरच्या कोपऱ्याचेही पैसे कापतो.

एक अपवाद मात्र मनापासून सांगावासा वाटतो, कारण तो आपल्या मातीशी जोडलेला आहे. अमान्सियो डिसिल्वा हे १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले गोवेकर गिटारवादक. साठच्या दशकात ते लंडनला गेले आणि तिथे निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी लॅन्सडाउन स्टुडिओत त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ आली, आणि त्याच वर्षी जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबतची ‘हम दोनो’. त्या काळी इंग्लंडमध्ये आधुनिक जॅझ विकत घेणारे मूठभर होते, प्रती थोड्या निघाल्या आणि लवकरच कॅटलॉगमधून नाहीशा झाल्या. आज ‘हम दोनो’च्या मूळ प्रतीला हजार पौंडांच्या पुढे भाव जातो. डिसिल्वांची गिटार ऐकताना मध्येच एखादी तान सतारीच्या अंगाने वळते, गायिका नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांवाचूनचा सूर तिला येऊन मिळतो, आणि हे सगळं लंडनमध्ये घडलं यावर विश्वास बसत नाही. गोवा-मुंबईतल्या किती जॅझप्रेमींनी हे ऐकलं आहे? त्यांचंच ‘कोकण डान्स’ हे सत्तरच्या दशकातलं ध्वनिमुद्रण तर कित्येक वर्षं बाहेरच आलं नव्हतं. त्या तबकडीला हजार पौंड मिळतात याचा मला आनंद होत नाही. इतकी सुंदर गोष्ट इतक्या थोड्या घरांत पोहोचली, एवढंच त्या आकड्यातून कळतं.

‘लिलावातला आकडा म्हणजे बाजारभाव.’ नाही. लिलावाला भाव चढवायला दोन माणसं पुरतात: दोघांनाही तीच तबकडी हवी आणि दोघांकडेही पैसे. त्यातल्या एकाला ती मिळाली की पुढच्या प्रतीच्या लिलावात तो नसतो. संग्राहक ज्या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांचे आकडे पाहतात, तिथे विकल्या गेलेल्या तबकड्या दिसतात. न विकल्या गेलेल्या, परत आलेल्या, किंवा बोली जिंकून पैसे न भरलेल्या व्यवहारांची कहाणी दिसत नाही. विक्रेत्याच्या हाती पडताना लिलावस्थळाचं कमिशन, पैसे पाठवण्याचा खर्च, विमा, टपाल हे सगळं वजा होतं. भारतातून परदेशी विकायचं तर कस्टमची कागदपत्रं, आणि वाटेत तबकडी वाकली तर खरेदीदाराला पैसे परत. सोनं पेढीवर नेलं की त्या दिवशीच्या भावाने वजन करून पैसे मिळतात. तबकडीला अशी पेढी नाही. योग्य माणूस भेटेपर्यंत ती कपाटातच राहते.

‘भाव कधी उतरत नाहीत.’ उतरतात. तीस-चाळीसच्या दशकांतल्या स्विंग बँडच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या एका पिढीने जिवापाड जमवल्या होत्या. ती पिढी गेली, आणि ग्लेन मिलर यांच्यासारख्या लाखांनी खपलेल्या नावांच्या ७८ आज किरकोळ पैशांत मिळतात. संग्रहाचा भाव संग्राहकांच्या वयाबरोबर चालतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या जॅझ एलपींना आज जोर आहे तो अमेरिका, युरोप आणि विशेषतः जपानमधल्या संग्राहकांमुळे. सनी क्लार्क यांची ‘कूल स्ट्रटिन’ मायदेशापेक्षा जपानमध्ये जास्त डोक्यावर घेतली गेली. पुढच्या पिढीला हेच हवं असेल, की आणखी काही, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसं सांगणाऱ्याकडे बहुधा विकायला काहीतरी असतं.

आता आवाज. इथे मजकूर सर्वांत जास्त चुकतो, आणि हाच मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. ‘पहिल्या प्रेसिंगचा आवाज नंतर कुणालाच जमला नाही’ हे वाक्य ‘काइंड ऑफ ब्लू’ला लावून पाहू. २ मार्च १९५९ रोजी कोलंबिया कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तीन रचना मुद्रित झाल्या: ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’, ‘ब्लू इन ग्रीन’. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. तीच टेप बरोबर वेगाने वाजवून तबकडी कापली, म्हणजे छपाईसाठीच्या मूळ तबकडीत खाचा कोरल्या, त्यामुळे संगीत किंचित वेगाने आणि किंचित चढ्या स्वरात आलं. पहिल्या आवृत्तीपासून पुढची तीसहून अधिक वर्षं जगाने ती बाजू चढीच ऐकली. तबकडीबरोबर वाजवून शिकणाऱ्या वादकांना आपलंच वाद्य उतरलंय असं वाटायचं. सोबत चालणाऱ्या दुसऱ्या यंत्राची टेप बरोबर वेगाची होती. ती वापरून १९९२ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. म्हणजे स्टुडिओत माइल्स ज्या स्वरात वाजले, तो स्वर पहिल्या प्रेसिंगमध्ये नाही. तो नंतरच्या स्वस्त आवृत्त्यांमध्ये आहे.

ब्लू नोटच्या मूळ प्रतींचा आवाज जिवंत आहे, यात वाद नाही. व्हॅन गेल्डर स्वतः ध्वनिमुद्रण करत आणि तबकडीही स्वतः कापत. ट्रम्पेटचा आणि सॅक्सोफोनचा जो थेट, समोर उभा राहणारा आवाज त्यांत आहे, तो मलाही मोहवतो. पण त्या काळी तबकडी कापताना साध्या प्लेअरवर सुई उडू नये म्हणून खर्जाला आवर घालावा लागे. स्टुडिओतल्या मूळ टेपवर बासचा जो भरणा होता, तो सगळा तबकडीत उतरत नसे. २०१९ पासून ब्लू नोटने ‘टोन पोएट’ मालिका काढली. निर्माते जो हार्ली, आणि मूळ टेपवरून तबकडी कापणारे केविन ग्रे. त्यात बासची तार बोटाने ओढल्यावर मागून येणारा लाकडाचा घुमारा ऐकू येतो. अमेरिकेत ती एलपी चाळीस डॉलरच्या आसपास मिळते. कुणाला मूळ प्रत आवडेल, कुणाला ही. दहा हजार डॉलर मोजणारा माणूस आवाजापेक्षा दुर्मिळतेचे, इतिहासाला हात लावण्याचे पैसे मोजत असतो. त्याला ती मोकळीक आहेच. पण ‘एवढा भाव म्हणजे एवढा आवाज’ हे समीकरण खोटं आहे.

राहिला कलावंतांना मोल मिळण्याचा मुद्दा. तबकडी एकदा विकली गेली की पुढच्या विक्रीत वादकाचा, रचनाकाराचा किंवा त्यांच्या वारसांचा हिस्सा नसतो. चित्रकारांची गोष्ट थोडी वेगळी आहे. युरोपात मूळ चित्राच्या पुनर्विक्रीत त्यांना ठरावीक टक्के मिळतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५३अ कलमातही मूळ चित्र, शिल्प, इतकंच काय संगीतरचनेचं मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं तर निर्मात्याला वाटा देण्याची तरतूद आहे. छापील तबकडी त्यात बसत नाही. सनी क्लार्क १९६३ च्या जानेवारीत, अवघ्या ३१ व्या वर्षी गेले. मोब्लींची फुप्फुसं निकामी होत गेली, सत्तरच्या दशकातच वादन जवळपास सुटलं आणि १९८६ मध्ये ते गेले. त्यांची काही ध्वनिमुद्रणं कंपनीच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून होती. १५६८ च्या बोलीतला एक डॉलरही त्यांच्या घरी गेलेला नाही.

कलावंतांपर्यंत काही पोहोचवायचं असेल तर अधिकृत नवी आवृत्ती घ्यावी. निदान करारानुसार रॉयल्टीचा हिशोब तरी तिथे होतो. तीही बघूनच घ्यायला हवी. युरोपात १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचं संरक्षण संपलेलं आहे, त्यामुळे तिथे कुणीही एखाद्या सीडीवरून तबकडी कापून सुंदर कव्हरमध्ये विकू शकतो, आणि विकतातही. अशा प्रती आपल्याकडच्या दुकानांतही येतात. घेण्याआधी कव्हरच्या मागची बारीक अक्षरं वाचा. मूळ कंपनीचं नाव आहे का, मूळ टेपवरून काम झाल्याचं लिहिलं आहे का, तबकडी कापणाऱ्या इंजिनिअरचं नाव दिलं आहे का. तिन्ही नसतील तर तोच अल्बम दुसऱ्या आवृत्तीत शोधा. ब्लू नोटचे तरी बहुतेक मिळतात.