हिवाळ्याआधी वाफे बोडके करायचे? कशासाठी?

दर शरदात एक सल्ला फिरतो: "थंडी पडायच्या आत फुलांचे वाफे जमिनीसरसे कापा, पाचोळा उचला, माती खणून ठेवा. नाहीतर वाळक्या काड्यांत कीड-रोग दडतात, झाडं गारठून मरतात, वसंतात काम दुप्पट होतं." जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथल्या बागांसाठी हा सल्ला आहे, आणि तिथेच तो महागात पडतो.

कीड दडते? दडतेच. पण सोबत कोण दडतं तेही बघा. मावा फस्त करणारे ढालकिडे पाचोळ्यात थंडी काढतात. सेराटिना नावाच्या चिमुकल्या एकांड्या मधमाश्या मऊ गाभ्याच्या काड्या पोखरून आत राहतात. स्वॅलोटेल फुलपाखरांचे कोष काड्यांना चिकटलेले असतात आणि वाळक्या पानासारखे दिसत असल्याने बिनबोभाट कचऱ्यात जातात. माव्याच्या कित्येक जातींची अंडी मात्र झुडपांच्या सालीवर असतात, म्हणजे वाफा साफ करून मावा राहिला आणि त्याला खाणारा गेला. सूर्यफूल, एकिनेशियाची वाळकी बोंडं खाणारे पक्षीही उपाशी, ते वेगळंच.

रोगांबद्दल म्हणाल तर सल्ला अर्धा खरा आहे. काळे ठिपके पडलेली गुलाबाची पानं, करपलेली पिओनी, खोडकिड्याची अंडी असलेली आयरिसची जुनी पानं उचलाच, आणि खतखड्ड्यात टाकू नका. बी धरलेलं तणही काढा. पण आजारी चार झाडांपायी सगळ्या वाफ्यावर विळा कशाला?

झाडं गारठण्याचं तर उलटंच आहे. उभ्या काड्यांत बर्फ आणि पानं अडकतात आणि मुळांवर गोधडी पडते. नुसत्या थंडीपेक्षा माती पुन्हापुन्हा गोठणं-वितळणं जास्त घातक. त्यात नवी लावलेली रोपं मुळांसकट वर ढकलली जातात. पानं हिरवी असतानाच कापलीत तर मुळांकडे निघालेलं अन्नही वाटेतच तुटतं. लायलॅक, फॉर्सिथियाला तर हातच लावू नका. वसंतातल्या त्यांच्या कळ्या आधीच तयार असतात. आता छाटलंत तर फुलंच छाटलीत.

खणण्याने खोल गाडलेलं तणाचं बी उजेडात येऊन रुजतं, आणि उघडी माती पावसात धुपते. एवढं पुरे.

राहिलं वसंतातलं काम. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या काड्या ठिसूळ होतात, बऱ्याचशा हातानेच मोडतात. फक्त घाई नको. दिवसाचं तापमान सातत्याने १० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागलं की कापा, तेही जमिनीसरसं नाही. २० ते ५० सेंटिमीटरची थोटकं ठेवा. त्या उघड्या टोकांतून नव्या हंगामातल्या मधमाश्या आत शिरून घरटी करतात, आणि महिन्याभरात नवी पालवी थोटकं झाकून टाकते.