मास्तर, वहीचं मागचं पान अन् उधारीची डायरी

परवा संध्याकाळी ठेल्यावर आम्ही नेहमीचे चौघं. लाइट गेलेली, अन् आमचा लाइनमनच बाजूला बसून खर्रा घोटत होता त्यामुळे लाइट कवा येईन हे विचारायचीही सोय नव्हती. भरती (चार वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करून रायला, म्हणून नावच भरती) मोबाइलच्या उजेडात वही चाळत होता, ती मास्तरनं ओढली. मागच्या पानावर ट्रॅक्टर, एक मिशीवाला माणूस अन् रेघा मारमारून काळे केलेले चौकोनच चौकोन.

"सापडलं! चार वर्षं काहून लागले त्याचं कारण सापडलं," मास्तर.

"मास्तर, हे काढत बसलो तं क्लासमदलं आयकू येते. हात रिकामा असला का मी वावरात पोचतो."

आता मला राहवलं नाही. म्हटलं, पोट्टा खोटं नाही बोलून रायला. इंग्लंडात प्लिमथ विद्यापीठात जॅकी आंद्रादे नावाच्या बाईनं २००९ मध्ये हेच करून पायलं. ४० माणसं, अडीच मिनिटाची एकदम रटाळ टेप, वाढदिवसाच्या पार्टीले कोन येनार कोन नाई असलं काहीतरी. अर्ध्यांना आयकता आयकता कागदावरचे गोल-चौकोन भरत बसायला सांगितलं. मंग न सांगता परीक्षा घेतली, तर गोल भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. १६ पैकी सरासरी ७.५, बाकीच्यांना ५.८.

मास्तर गणिताचे. डोळे मिटले अन् म्हणाले, "५.८ म्हनजे ३६ टक्के. मंग न काढनारेही काठावर पास झाले ना बे!"

सगळे हसले, मीही. पण खरी गोठ त्या बाईच्या अंदाजात आहे. रटाळ आयकताना माणूस झोपत नाही, तो स्वप्नात जाते, अन् जागेपणी स्वप्न पाहायला डोस्क्याची लय ताकद लागते. हाताला जराक काम दिलं तर तितकं लांब जाता येत नाही. भरतीचं वावर तेच.

लाइनमन म्हणे, "पन त्यायनं तं छापलेले गोल भरले. यानं ट्रॅक्टर काढला, सायलेन्सरसकट. आयकलं कवा यानं?"

हे मात्र बरोबर होतं. चित्रातच जीव गुंतला तर कान बंद. फळ्यावरचं पाहायचं असलं तर अजूनच वांधा, डोळे दोनच.

मंग मी माझी गोठ सांगितली. गुलाबी बोंडअळीवर गावात एक कार्यक्रम झाला होता, साहेब कागदात पाहून वाचत होते अन् मी वहीत कामगंध सापळा (मादीच्या वासाचं आमिष लावून नर पतंग पकडायचा) काढत होतो, वर छत्री, खाली लोंबती पिशवी, पिशवीत आठ पतंग, अशा तीन पिशव्या ओळीनं. आजही झोपेतून उठवा, सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन दिवस, का फवारणीचं पाहा. लाइनमनही तिथंच होता, त्याला फक्त जेवणातली बुंदी आठवते.

पण हे चौकोन भरण्यापेक्षा येगळं आहे, जे आयकतो तेच काढणं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलं का शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर जास्त ध्यानात रायते, चित्र कसंही वाकडं असो.

मास्तर बराच वेळ गप्प. मंग हळूच म्हणाले, "तसा तो उलाम नावाचा गणिती होता. १९६३ ची गोठ. कंटाळवान्या भाषनात बसून त्यानं आकडे गोल गोल लिहिले, मूळ संख्यांवर खुना केल्या, तं त्या तिरप्या रेघेत येऊन रायल्या. त्याले आजही उलाम स्पायरल म्हनतेत." अन् लगेच, "पन तो उलाम होता, हा भरती हाय!"

एवढ्यात ठेलेवाल्या काकानं बॅटरी लावून उधारीची डायरी काढली. काकाचं शिक्षण दुसरीपर्यंत, नावं लिहीत नाही. लाइनमनचा बल्ब, भरतीचा बूट, माझं बोंड. एका पानावर नुसती छडी, खाली १४० रुपये.

"हे कोनाचं?" मास्तर.

काकानं नुसतं त्यांच्याकडं पायलं.

मास्तरनं खिशात हात घातला, शंभराची नोट निघाली. काकानं छडीला एक गाठ काढली, म्हणजे चाळीस बाकी.