वेड इंडियानाचं, वेड कोल्हापूरचं

ऑलिंपिक संपलं की महाराष्ट्रात खेळाडूंच्या बक्षिसांवरून वाद होतोच. 2024 च्या पॅरिसनंतर तो जरा जास्त पेटला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक आणलं, राज्य सरकारनं आधी एक आणि मग दोन कोटी जाहीर केले, आणि हरियाणात याहून जास्त मिळतात, अशी नाराजी त्याच्या वडिलांनी उघडपणे बोलून दाखवली. अशा चर्चांत एक वाक्य हमखास येतं : अमेरिकेत बघा, तिथली विद्यापीठंच खेळाडू घडवतात, आपणही तेच करावं. कोल्हापूरचे माझे मित्र हे मला फोनवर हक्कानं ऐकवतात, कारण मी राहतो त्या इंडियाना राज्याइतकं बास्केटबॉलचं वेड अमेरिकेतही फार थोड्या ठिकाणी सापडेल.

माझं गाव कोलंबस. पुणेकरांना ते कमिन्समुळे माहीत आहे. कंपनीचं मुख्यालय इथलंच, म्हणून इथल्या किराणा दुकानात मराठी सहज कानावर पडतं. गावापासून पश्चिमेला तासाभरावर ब्लूमिंग्टन, इंडियाना विद्यापीठाचं शहर. तिथल्या असेंब्ली हॉल या बास्केटबॉलच्या सभागृहात 17 हजार प्रेक्षक बसतात. छताखाली पाच राष्ट्रीय विजेतेपदांचे झेंडे टांगलेले आहेत : 1940, 1953, 1976, 1981 आणि 1987. शेवटचे तीन प्रशिक्षक बॉब नाइट यांच्या काळातले. 1976 चा त्यांचा संघ 32 पैकी 32 सामने जिंकला. त्यानंतर पुरुषांच्या स्पर्धेत एकही सामना न हरता विजेता झालेला संघ नाही.

या विजयांच्या आड पुष्कळ काही खपून गेलं. 1985 मध्ये पंचांवर चिडून नाइट यांनी भर सामन्यात मैदानावर खुर्ची फेकली. पुढे सरावाच्या वेळी एका खेळाडूच्या गळ्याला त्यांनी हात घातल्याची चित्रफीत बाहेर आली, चौकशी झाली, पण शेवटची ताकीद देऊन त्यांना ठेवलं; ती मोडली तेव्हा कुठे सप्टेंबर 2000 मध्ये विद्यापीठानं त्यांना काढलं. तेव्हा हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले, ते त्यांच्या बाजूनं. विद्यापीठात शिकवण्याचं काम करणाऱ्या माणसानं एका विद्यार्थ्याच्या गळ्याला हात लावला होता. तेवढी एक गोष्ट पुरेशी व्हायला हवी होती. ती झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नाइट गेल्यावर त्या जागेवर कोणीच टिकलेलं नाही. माइक डेव्हिस यांनी 2002 मध्ये संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि चार वर्षांत त्यांनाही जावं लागलं. केल्विन सॅम्पसन शाळेतल्या खेळाडूंना संघात ओढण्यासाठी नियमबाह्य फोन केल्याच्या प्रकरणात गेले. टॉम क्रीन नऊ वर्षं राहिले. आर्ची मिलर यांना 2021 मध्ये चार हंगामांनंतर काढलं, तेव्हा करार मोडल्याची भरपाई एक कोटी डॉलरहून जास्त होती आणि ती देणगीदारांनी भरली. ही रक्कम मी विसरू शकत नाही. माणूस काम करत राहावा म्हणून नव्हे, तर तो निघून जावा म्हणून लोकांनी एवढा पैसा उभा केला! मग आले माइक वुडसन : इंडियानापोलिसचे, स्वतः नाइट यांच्या हाताखाली खेळलेले. त्यांनी संघाला दोनदा राष्ट्रीय स्पर्धेत नेलं, पण पुढची दोन वर्षं जमलं नाही. घरच्याच मैदानावर, ज्या प्रेक्षकांनी त्यांना तरुणपणी डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच 'वुडसनला काढा'च्या घोषणा दिल्या. 2025 च्या फेब्रुवारीत त्यांनी पायउतार होण्याचं जाहीर केलं.

मित्रांना हवं असलेलं अमेरिकन मॉडेल ते हेच. त्यात आता आणखी भर पडली आहे. 2021 पासून विद्यार्थी-खेळाडू स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून वगैरे, पैसे कमवू शकतात, आणि विद्यापीठ बदलून दुसरीकडे लगेच खेळू शकतात. खेळाडूंना हा हक्क मिळायलाच हवा होता. त्यांच्या घामावर बाकी सगळे श्रीमंत होत होते. पण प्रशिक्षकाचं काम त्यामुळे पार बदललं. दर वसंतात अर्धा संघ नव्यानं जमवायचा, देणगीदारांना सांभाळायचं, आणि उरलेल्या वेळात शिकवायचं. व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी 2024 मध्ये हंगाम तोंडावर असताना निवृत्ती घेतली. या नव्या व्यवस्थेसाठी आपण योग्य माणूस नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बेनेट यांची गोष्ट मला फार मोलाची वाटते. 2018 मध्ये त्यांचा अव्वल मानांकित संघ सर्वांत खालच्या, 16 व्या मानांकनाच्या संघाकडून हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं कधीच घडलं नव्हतं. विद्यापीठानं त्यांना ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी तो संघ राष्ट्रीय विजेता झाला. अशी नामुष्की दुसऱ्यांदा आली ती आमच्याच राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठावर, 2023 मध्ये. प्रशिक्षक मॅट पेंटर तिथे 2005 पासून आहेत. त्याआधीच्या दोन वर्षांतही त्यांचा संघ दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघांकडून हरला होता. टीका भरपूर झाली, पण पर्ड्यूनं त्यांना हात लावला नाही. 2024 मध्ये पर्ड्यू 1969 नंतर प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचलं. तो सामना ते हरले, आणि पेंटर आजही तिथेच आहेत. पर्ड्यूत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी घरी फोन करताना ही गोष्ट जरूर सांगावी.

पण इंडियानाचं खरं बळ विद्यापीठात नाहीच, ते शाळांत आहे. अमेरिकेतली सर्वांत मोठी शालेय बास्केटबॉल सभागृहं बहुतांश याच राज्यात आहेत. 1954 मध्ये मायलन या हजारभर वस्तीच्या गावातल्या शाळेनं मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला 32-30 असं हरवून राज्याचं अजिंक्यपद घेतलं. पुढच्याच वर्षी ते पद इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अ‍ॅटक्स या कृष्णवर्णीयांच्या शाळेनं, ऑस्कर रॉबर्टसनच्या जोरावर जिंकलं. त्या मुलांची मिरवणूक शहराच्या मुख्य चौकात थांबू दिली नाही. एक फेरी मारून ती त्यांच्याच वस्तीतल्या बागेकडे वळवली गेली. खेळाचं वेड माणसाला आपोआप मोठ्या मनाचं करत नाही, हे इथल्या इतिहासात स्वच्छ लिहिलेलं आहे. पण या दोन्ही संघांमागे जी माणसं होती, मायलनचे मार्विन वुड आणि अ‍ॅटक्सचे रे क्रो, ती शिक्षक होती. इथे आजही शाळेच्या संघाचा प्रशिक्षक बहुधा दिवसा इतिहास किंवा गणित शिकवतो, आणि खेळासाठी त्याला वेगळं मानधन मिळतं.

महाराष्ट्रात नेमकी हीच जागा रिकामी आहे. शिक्षणहक्क कायद्यातच सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा माणूस अर्धवेळ धरलेला आहे, तोही शंभराहून जास्त मुलं असतील तरच. पदक आल्यावरच्या कोटींवर आपण भांडतो, पण तालुक्याच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकाच्या जागेवर कोणी भांडत नाही. खाशाबा जाधवांना 1952 च्या हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण ती व्यवस्था नव्हती, तो एका माणसाचा मोठेपणा होता.

आणि वेडाची वाण कोल्हापुरात तरी नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठापेठांत जी ईर्षा उसळते, ती असेंब्ली हॉलच्या तोडीची आहे. हुल्लडबाजी झाली की पोलीस येतात, फुटबॉलच बंद करा अशी भाषा सुरू होते. बंद अजिबात करू नये. तालमींच्या मंडळांनी एवढंच करावं : बाहेरून मानधनावर खेळाडू आणायला जी वर्गणी गोळा होते, तिच्यातला काही भाग पेठेतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या एका माणसासाठी बाजूला काढावा. त्याला तीन वर्षांचं लेखी पत्र द्यावं, आणि मोठा संघ एक हंगाम हरला म्हणून त्याला हलवणार नाही, हे त्याच पत्रात लिहावं.